माइकपर्यंतची वाट



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांनी उभी हयात गल्लीतल्या पोरांना पेटी-तबला शिकवण्यात घालवली. त्यांनी कधी फी मागितल्याचं कुणाला आठवत नाही. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत बोलायचं, तर ज्यांच्या घरात गाण्याची परंपरा नाही, वाद्य विकत घ्यायची ऐपत नाही, अशा मुलांपर्यंत संगीत पोचतं कसं याबद्दल बोलावं असं मला वाटलं. त्यासाठी तुम्हाला जरा लांब नेतो आहे, वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर, किंग्स्टन शहरात.

रेगे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बॉब मार्ली येतो, त्याच्या जटा येतात आणि टी-शर्टवर छापलेलं ते चित्र येतं. मला त्या चित्राच्या आधीचा काळ जास्त मोलाचा वाटतो. तेव्हा मार्ली वेल्डिंगचं काम शिकत होता. पुढे गायक झालेला टूट्स हिबर्ट किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत न्हाव्याच्या दुकानात कात्री चालवत होता आणि पुढे निर्माता झालेला ली पेरी रस्त्याच्या कामावर बुलडोझर चालवत होता. पुढे मार्लीच्या संगीताचा कणा ठरलेला बासवादक ॲस्टन बॅरेट यानं आपलं पहिलं वाद्य घरीच ठोकून तयार केलं. प्लायवूडची पाटी, तिला जोडलेला लाकडी दांडा, तारेच्या जागी पडदा अडकवायची तार आणि घोडीच्या जागी ॲशट्रे. त्या एका तारेवर त्यानं बोटं बसवली. मार्लीबरोबर गाणाऱ्या बनी लिव्हिंग्स्टननं बांबू, वायरमधून काढलेल्या बारीक तारा आणि सार्डिन माशांचा रिकामा डबा एवढ्यावर गिटार केली. या माणसांनी वीस-पंचवीस वर्षांत असं संगीत उभं केलं की आज ते वाजत नाही असा देश शोधावा लागेल. २०१८ साली युनेस्कोनं रेगेची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली.

हे झालं कसं, या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर आहे. गुलामगिरीचं दुःख, दारिद्र्य, आफ्रिकेची ओढ, त्यातून उसळलेला आवाज. ते खोटं नाही. पण दुःख आणि दारिद्र्य यांची टंचाई जगात कुठेच नव्हती, आणि गळा तर कुठल्याही वस्तीत दर दहा घरांमागे एखादा सापडतोच. जमैका केवढं? आपल्या सातारा जिल्ह्याहून किंचित मोठं. १९६० साली तिथली लोकसंख्या सोळा लाखांच्या आसपास होती. एवढ्याशा बेटावर इतके गायक-वादक पुढे आले, कारण तिथं रस्त्यावरच्या पोराला आत शिरता येईल अशी काही दारं होती, आणि दाराशी कुणीतरी कान देऊन बसलेलं होतं. त्या माणसांपैकी काही देवमाणसं होती, काही निव्वळ व्यापारी होती आणि काहींनी या पोरांना उघडउघड लुबाडलं. आज मला बोलायचं आहे ते या दारांबद्दल.

पहिलं दार एका अनाथाश्रमाचं. किंग्स्टनच्या साउथ कॅम्प रोडवर जेसी रिपोल या बाईंनी १८८० मध्ये निराधार मुलांसाठी एक घर सुरू केलं. दहा वर्षांनी 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या कॅथलिक संघाच्या जोगिणींनी त्याची जबाबदारी घेतली. हेच पुढे 'अल्फा बॉइज स्कूल' म्हणून ओळखलं गेलं. आईबाप नसलेली, पोसता येत नाही म्हणून घरच्यांनी आणून सोडलेली, वांडपणामुळे कोर्टानं पाठवलेली अशी मुलं तिथं राहत. त्यांना पोटापुरतं काहीतरी यावं म्हणून छपाई, शिवणकाम, सुतारकाम, बागकाम शिकवत. त्याच यादीत बँडही होता. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन ही तिथं सुतारकामासारखीच हातात देण्याची विद्या होती. मुलगा अठराचा झाला की त्याला लष्करी बँडमध्ये किंवा हॉटेलातल्या वाद्यवृंदात नोकरी मिळावी, हा साधा हिशोब. म्हणून शिकवणी कडक होती. नोटेशन वाचता आलंच पाहिजे, सूर स्वच्छ लागलाच पाहिजे. कॅथलिक संस्थेनं गरिबाघरच्या मुलाला नोटेशन शिकवायचं आणि त्या बळावर त्यानं शहरातल्या वाद्यवृंदात पोट भरायचं, हे गोव्याच्या पॅरिश शाळांमधून मुंबईच्या जॅझ बँडपर्यंत आणि फिल्मी स्टुडिओपर्यंत पोचलेल्या आपल्या वादकांना ठाऊक असलेलं गणित आहे.

१९३९ साली या शाळेत एक तरुण जोगीण रुजू झाली, सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस. २००३ मध्ये त्या गेल्या, तोवर अल्फा हेच त्यांचं घर होतं. पांढऱ्या झग्यातली ही बाई मुलांबरोबर क्रिकेट खेळे, त्यांना मुष्टियुद्धाचे डावपेच सांगे. त्यांच्याकडे तबकड्यांचा मोठा संग्रह होता. जॅझ, लॅटिन, ब्लूज, शास्त्रीय, आणि पुढे स्थानिक गाणीही. शाळेसाठी त्यांनी ध्वनिवर्धकांचा अख्खा संच विकत घेतला होता. शनिवारी मुलं जमत आणि सिस्टर स्वतः तबकड्या लावत. ज्या काळात भद्रलोक नाक्यावरच्या नाचगाण्याला पाप समजत होते, त्या काळात जोगिणीनं मुलांना बसवून सांगायचं, की ऐक, हा ट्रम्पेटवाला इथं श्वास कसा घेतो ते ऐक. शिकवणं म्हणजे आधी ऐकवणं, हे ज्यांना उमगलं त्या गुरूंमध्ये मी सिस्टर इग्नेशियस यांना फार वरचं स्थान देतो.

तिथून कोण बाहेर पडलं ते पाहा. १९६४ मध्ये 'स्कॅटलाइट्स' नावाचा वाद्यवृंद उभा राहिला आणि स्का या संगीताला त्यानं रूप दिलं. स्काचा वेग उतरून रॉकस्टेडी झालं आणि रॉकस्टेडीतून रेगे. या वाद्यवृंदाच्या संस्थापकांपैकी चौघं, टॉमी मकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग, अल्फाचे विद्यार्थी. ट्रॉम्बोनवादक रीको रॉड्रिग्ज तिथलाच. ड्रमवादक लिरॉय वॉलेस तिथलाच. त्वचेत रंगद्रव्य नसल्यामुळे रस्त्यावर ज्याची टर उडवली जायची आणि जो १९८० च्या दशकात डान्सहॉल या संगीतप्रकाराचा अनभिषिक्त राजा झाला, तो यलोमॅनही अल्फामध्येच वाढला.

इथे एका मराठी माणसाचं नाव घेतलं पाहिजे. अल्फामध्ये शिकलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट १९५१ मध्ये इंग्लंडला गेला आणि तिथल्या जॅझचा मोठा प्रयोगशील कलावंत ठरला. कोलकात्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांच्या साथीनं त्यानं १९६६ मध्ये 'इंडो-जॅझ स्वीट' ही ध्वनिमुद्रिका काढली. पाच जॅझवाले आणि पाच भारतीय संगीताच्या बाजूचे, अशी दुहेरी पंचकडी. त्यात सतारीवर दिवाण मोतिहार होते, आणि तबल्यावर मुंबईहून लंडनला गेलेले केशव साठे. ती मुद्रिका मिळाली तर जरूर ऐका. आधी सगळ्यांनी बांधलेली चौकट, मग सॅक्सोफोन त्या चौकटीतून निसटायला बघतो, आणि साठ्यांचा ठेका त्याला हिसका न देता पुन्हा समेपर्यंत आणतो. किंग्स्टनच्या अनाथाश्रमात सूर घोटलेला मुलगा आणि मुंबईचा तबलजी एका माइकपुढे बसले होते. आपल्याकडे साठे यांच्याबद्दल फारच थोडं लिहिलं गेलं आहे. कुणी तरुण अभ्यासकानं हे काम हाती घ्यावं अशी या व्यासपीठावरून माझी विनंती आहे.

पण अल्फामधून वादक आले. गायकांचं काय? ते कुठून आले हे समजायचं तर किंग्स्टनमध्ये लोक नाचायचे कशावर ते पाहावं लागतं.

शहराचे दोन भाग. वरच्या अंगाला बंगले, हॉटेलं, क्लब आणि तिथं वाजणारे वाद्यवृंद. खालच्या अंगाला बंदर, बाजार आणि गावाकडून आलेल्या माणसांची दाटी. खालच्या किंग्स्टनला वाद्यवृंद परवडत नव्हता. तिथं १९५० च्या सुमारास 'साउंड सिस्टिम' आली. माणसाच्या उंचीची लाकडी स्पीकरची कपाटं, दणकट अँप्लिफायर आणि अमेरिकेहून आणलेल्या र्‍हिदम अँड ब्लूजच्या तबकड्या. मोकळ्या आवारात कुंपण घालायचं, दाराशी तिकीट लावायचं, आत बिअर विकायची. टॉम वाँग हा चिनी वंशाचा हार्डवेअरचा व्यापारी, ड्यूक रीड हा आधी पोलीस आणि मग दारूचा दुकानदार, क्लेमंट डॉड हा अमेरिकेत शेतमजुरीला गेलेला आणि येताना तबकड्या घेऊन आलेला. ही या धंद्यातली मोठी माणसं. डॉड शाळेत चांगलं क्रिकेट खेळायचा, म्हणून यॉर्कशायरच्या ॲलेक कॉक्सनवरून पोरांनी त्याला 'कॉक्सन' म्हणायला सुरुवात केली आणि जन्मभर तेच नाव राहिलं.

यांच्यात जीवघेणी चुरस होती. दुसऱ्याकडे नसलेलं गाणं आपल्याकडे हवं, म्हणून तबकडीवरचं नाव खरवडून टाकायचे. आणि मग १९५० च्या दशकाअखेरी अमेरिकेतली आवड बदलली. रॉक अँड रोलचं वारं सुटलं, आणि किंग्स्टनच्या नाचणाऱ्यांना हवी असलेली जुन्या धाटणीची गाणी तिकडून येईनाशी झाली. डॉड, रीड आणि इतरांनी ठरवलं, आता आपणच गाणी करायची. स्टुडिओ मिळाला, अल्फाचे वादक होतेच, गळे हवे होते. दर आठवड्याला नवं गाणं पाहिजे म्हणजे दर आठवड्याला नवा गायक पाहिजे. किंग्स्टनमध्ये पोरांची गाणी ऐकायला माणसं बसली, त्यामागचं मुख्य कारण हे. ही गरज धंद्याची होती, कुणाच्या अंगात समाजसेवा संचारली नव्हती. पण रविवारी सकाळी कुणीही यावं, गाऊन दाखवावं, चिठ्ठी नको, ओळख नको, अशी रीत त्या गरजेतूनच पडली.

गळे आधी गाजत होते ते सिनेमागृहांत. व्हेअर जॉन्स या पत्रकारानं 'ऑपॉर्च्युनिटी अवर' नावाची स्पर्धा चालवली होती. पॅलेस, ॲम्बॅसडर, मॅजेस्टिक अशा थिएटरांत ती भरे. परीक्षक नव्हते, टाळ्या किती पडतात त्यावर निकाल. आपल्या गल्लीतली पोरं टोळीनं येऊन गलका करणार हे गृहीतच. जॉन होल्ट बाराव्या वर्षी या स्पर्धांत उतरला आणि एकामागून एक जिंकत गेला. ॲल्टन एलिस आधी नर्तक म्हणून आला, मग गायला लागला. मिली स्मॉल बारा वर्षांची असताना माँटेगो बे इथल्या थिएटरात जिंकली, आणि १९६४ मध्ये तिचं गाणं ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. जमैकाच्या आवाजाला बाहेरच्या जगानं दिलेली ती पहिली मोठी दाद, आणि ती एका मुलीनं मिळवली होती.

या मंचालाही एक अट होती, न लिहिलेली. रास्ताफारी या धर्मपंथाच्या लोकांना तिथं जागा नव्हती. काउंट ऑसी हा त्यांच्यातलाच, पूर्व किंग्स्टनमधला ढोलवादक, वारेका टेकडीच्या बाजूला त्याचा तळ. तीन प्रकारच्या ढोलांवर रात्र-रात्र वादन चाले, आणि अल्फाचे हेच शिस्तीतले वादक काम संपवून तिथं जाऊन बसत, त्या लयीत आपली वाद्यं मिसळत. पण शहराच्या नजरेत रास्ता म्हणजे घाणेरडे, धोकादायक लोक. मार्गारिटा नावाची एक नामांकित नर्तकी होती, अनिता महफूझ तिचं खरं नाव. जॉन्सच्या कार्यक्रमात तिचं नाव लागलं की गर्दी होई. तिनं सांगितलं, ऑसीचे ढोल साथीला असतील तरच नाचेन. जॉन्स तयार नव्हता. ती हटली नाही. शेवटी ढोल मंचावर आले आणि प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. ते दार त्या बाईनं स्वतःच्या नावाचं वजन खर्चून उघडलं. १९६५ च्या जानेवारीत डॉन ड्रमंडनं तिचा खून केला. त्याला मानसिक आजार होता, त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं आणि १९६९ मध्ये तो तिथंच वारला. स्काच्या इतिहासात ड्रमंडच्या प्रतिभेवर पानंच्या पानं खर्ची पडतात आणि मार्गारिटा त्याच्या शोकांतिकेतली एक ओळ होऊन बसते. हे मला मान्य नाही. रेगेतल्या ढोलांना मान तिच्या हट्टावाचून इतक्या लवकर मिळाला नसता.

आता दुकानं. ऑरेंज स्ट्रीटवर लेस्ली काँग आणि त्याच्या भावांचं 'बेव्हर्लीज' नावाचं दुकान होतं. आइस्क्रीम आणि तबकड्या दोन्ही मिळायच्या. सोमर्टन या खेड्यातून वडिलांबरोबर शहरात आलेला एक किशोरवयीन मुलगा गाणी घेऊन दारोदार हिंडत होता. त्या दुकानाच्या पाटीवरून त्यानं 'बेव्हर्ली' या नावावर एक गाणं रचलं, संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी आत शिरला आणि काउंटरपुढे उभं राहून गायला. काँग तोवर आइस्क्रीम विकत होता. त्या मुलाच्या आग्रहानं तो निर्माता झाला. तो मुलगा जिमी क्लिफ. दुकानदाराला गाठायचं तर त्याच्या दुकानाचं नावच गाण्यात घालावं, हे कोवळ्या वयात सुचणं हीसुद्धा प्रतिभाच.

डेस्मंड डेकर वेल्डर होता. कामाच्या ठिकाणी तो गुणगुणायचा आणि बरोबरचे कामगार त्याला टोचायचे, इथं कशाला मरतोस, जाऊन गाऊन दाखव. डॉडनं नाकारलं, रीडनं नाकारलं. काँगनं घेतलं, पण पहिली तबकडी निघायला दोन वर्षं गेली. १९६९ च्या एप्रिलमध्ये त्याचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. याच वेल्डिंगच्या ओळखीतून बॉब मार्ली काँगपर्यंत पोचला. त्याची पहिली तबकडी १९६२ ची. काम करताना लोखंडाचा कीस डोळ्यात गेला, तेव्हा त्यानं ते काम सोडायचं ठरवलं, हेही त्याच काळातलं.

आणि तरी मार्लीचं गाणं दुकानात घडलं नाही. ते ट्रेंचटाउनच्या अंगणात घडलं. सरकारनं बांधलेल्या त्या वसाहतीत मध्ये मोकळं आवार, भोवती खोल्या, सामायिक नळ, सामायिक चूल, म्हणजे जवळजवळ आपल्या चाळीतल्या चौकासारखं. तिसऱ्या रस्त्यावर जो हिग्ज राहायचा. तो स्वतः नावाजलेला गायक, त्याच्या तबकड्या निघालेल्या. संध्याकाळी आवारात बसून तो पोरांना शिकवायचा, फुकट. मार्ली, बनी, पीटर टॉश, म्हणजे पुढचे 'वेलर्स', ही त्याचीच पोरं. तीन आवाजांनी एकमेकांना न दाबता एकत्र कसं लागायचं, खालचा स्वर कोणी धरायचा, शब्द संपताना श्वास कसा सोडायचा, माइकपासून तोंड किती लांब ठेवायचं. हिग्ज फार काटेकोर होता. पुरेसं घोटल्याशिवाय तो त्यांना कुठे गाऊ देत नसे. आज वेलर्सच्या सुरुवातीच्या तबकड्या ऐकताना ते तीन गळे एकमेकांत जे मुरलेले लागतात, ती मेहनत त्या अंगणातली आहे. हिग्जला या शिकवणीचा मोबदला मिळाला नाही आणि प्रसिद्धीही बेताचीच मिळाली. १९९९ मध्ये तो गेला. मी या व्याख्यानात सर्वांत आदरानं कुणाचं नाव घेत असेन, तर त्याचं.

१९६४ मध्ये ही मुलं डॉडच्या 'स्टुडिओ वन'मध्ये गेली आणि त्यांच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याला साथ केली ती स्कॅटलाइट्सनं. अनाथाश्रमात नोटेशन शिकलेले वादक, अंगणात सूर घोटलेले गायक आणि साउंड सिस्टिमचा मालक एका खोलीत आले. एरवी वेगवेगळ्या रस्त्यांनी चाललेली ही माणसं ब्रेंटफोर्ड रोडवरच्या तेरा नंबरच्या घरात भेटली, हे किंग्स्टनचं भाग्य.

एक प्रसंग मला फार आवडतो. विन्स्टन रॉडनी हा सेंट ॲन परगण्यातला तरुण. मार्लीही मूळचा तिथलाच. १९६९ च्या सुमारास डोंगरात दोघांची गाठ पडली. मार्ली आपल्या शेतावर निघाला होता. बरोबर गाढव, बादली, कोयता, लावायची रोपं. रॉडनीनं विचारलं, मला गायचंय, सुरुवात कुठून करू? मार्लीनं सांगितलं, स्टुडिओ वनला जा. एवढंच. रॉडनी गेला, गायला, घेतला गेला आणि 'बर्निंग स्पिअर' या नावानं जगभर गाजला. या घटनेत कुणी कुणाची शिफारस केली नाही, फोन केला नाही, चिठ्ठी लिहिली नाही. पत्ता सांगितला, कारण त्या पत्त्यावर गेलं की ऐकून घेतात याची सांगणाऱ्याला खात्री होती. आपल्या शहरांत आज गाऊ पाहणाऱ्या मुलाला असा एखादा पत्ता आपण सांगू शकू का, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

यानंतरचं दार जरा वेगळं. ज्याला गाता येत नाही, पण बोलता येतं, त्याच्यासाठीचं. साउंड सिस्टिमवर तबकडी लावणारा माणूस मधूनमधून माइकवर काही ना काही बोले, लोकांना चेतवे. काउंट मचुकी यात पहिला. १९६० च्या दशकाअखेरी एकदा ड्यूक रीडच्या स्टुडिओत चुकून गायकाचा आवाज न घालताच एक तबकडी कापली गेली. नाचाच्या रात्री ती वाजली तेव्हा लोक स्वतःच गाणं म्हणू लागले. ही चूक इतकी लोकप्रिय झाली की प्रत्येक तबकडीच्या मागच्या बाजूला नुसतं संगीत द्यायची चाल पडली. तिला 'व्हर्जन' म्हणत. आणि त्या मोकळ्या जागेत यू-रॉय शिरला. किंग टबी हा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर. त्याच्या साउंड सिस्टिमवर यू-रॉय बोलायचा. १९७० मध्ये त्याच्या तबकड्यांनी जमैकाच्या यादीतल्या वरच्या जागा एकाच वेळी पटकावल्या. आता वाद्यवृंद नको, वाद्यही नको, रचनेला चालसुद्धा नको. एक तयार ठेका, एक माइक आणि सांगण्यासारखं काहीतरी. पुढे न्यूयॉर्कमध्ये रॅप उभं राहिलं, त्याच्या पायाशी किंग्स्टनहून तिथं गेलेल्या कूल हर्कची साउंड सिस्टिम आहे. गोव्यात २०१६ पासून 'सनस्प्लॅश' हा रेगे महोत्सव भरू लागला, तिथल्या स्पीकरच्या भिंतींची कुळी हीच.

दार एकासाठी उघडलं की दुसऱ्यासाठी लोटलं जातं, हेही इथं दिसतं. १९८५ मध्ये कॅसिओच्या एका छोट्या कीबोर्डमधल्या तयार ठेक्यावर किंग जॅमी या निर्मात्यानं एक गाणं काढलं आणि सगळं बेट वेडं झालं. तो ठेका हिरोको ओकुदा या जपानी तरुणीनं रचला होता, आणि तिनं पदवीसाठी लिहिलेला प्रबंध रेगेवरचा होता. हे ऐकून आनंद होतो. पण त्या दिवसापासून ट्रॉम्बोन शिकलेल्या मुलाला स्टुडिओत काम कमी होत गेलं. फुंकून वाजवायची वाद्यं घासून-पुसून चकचकीत करणाऱ्या अल्फाच्या मुलांसाठी ही बरी बातमी नव्हती.

आता पैशाचं बोलतो, कारण ते टाळून हा विषय पुरा होत नाही. गाणं एकरकमी विकत घेतलं जाई. गायकाला हातावर थोडे पैसे ठेवायचे, तबकडी पुढे हजारोंनी खपो, हिशोब नाही. १९७२ च्या 'द हार्डर दे कम' या चित्रपटात खेड्यातून आलेला नायक गाणं वीस डॉलरला देऊन टाकतो. ती भूमिका जिमी क्लिफनंच केली आहे. तो सिनेमा पाहणाऱ्या किंग्स्टनच्या प्रेक्षकांना त्यात अतिशयोक्ती वाटली नाही. कॉक्सन डॉडनं शेकडो मुलांना पहिली संधी दिली हे खरं, आणि त्यांतल्या अनेकांची पैशांबद्दलची तक्रार जन्मभर राहिली हेही खरं. मी दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतो. डॉडबद्दलची कृतज्ञता मनापासूनची होती म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. निरक्षरप्राय पोराकडून सही घेऊन त्याचं गाणं कायमचं आपल्या नावावर करणं याला लूट म्हणतात, मग सही घेणाऱ्याचा कान कितीही तयारीचा असो.

आणि ही दारं बहुतेक मुलग्यांसाठीच होती. अल्फा मुलग्यांची शाळा. साउंड सिस्टिमच्या रात्री मुलींनी माइक धरणं म्हणजे चारचौघांत बोभाटा. मार्शिया ग्रिफिथ्स ही गायिका १९६४ मध्ये बायरन लीच्या वाद्यवृंदाबरोबर मंचावर आली, म्हणजे वरच्या किंग्स्टनच्या सभ्य वाटेनं. नाक्यावरच्या वाटेनं आली ती ओफ्लिन रसेल, सिस्टर नॅन्सी. पंधरा भावंडांतली एक. भाऊ ब्रिगेडियर जेरी साउंड सिस्टिमवर बोलायचा, त्याच्या मागोमाग ही जायची. विशीच्या आतच ती पुरुषांच्या गर्दीत माइक हिसकावून बोलू लागली, आणि बायकांपैकी ती यातली पहिली मानली जाते. १९८२ मध्ये तिचा अल्बम होत होता. एक गाणं कमी पडत होतं. दहा वर्षांपूर्वीच्या एका गाजलेल्या ठेक्यावर तिनं ते बोलून टाकलं, 'बॅम बॅम'. माझा हा मंचावरचा हक्क आहे, बाई असले म्हणून काय झालं, असा त्याचा आशय.

जमैकात ते तेव्हा विशेष चाललं नाही. परदेशात चाललं. सिनेमांत वापरलं गेलं, मोठमोठ्या अमेरिकी रॅप गायकांनी त्याचे तुकडे आपल्या गाण्यांत घेतले. नॅन्सी तोवर न्यू जर्सीला जाऊन बँकेत हिशोब लिहीत होती आणि या गाण्याचे तिला पैसे मिळत नव्हते. २०१४ मध्ये टीव्हीवर बुटांच्या एका जाहिरातीत तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तिनं वकील गाठला. गाण्याच्या हक्कांत अर्धा वाटा आणि मागच्या दहा वर्षांचे पैसे तिच्या पदरात पडले, गाणं निघाल्यानंतर बत्तीस वर्षांनी. त्याआधीच्या बावीस वर्षांचं काय, याला उत्तर नाही. बँकेतलं काम मागे टाकून ती पुन्हा दौऱ्यांवर निघाली. २०२४ मध्ये तिच्यावर माहितीपट आला. साठी ओलांडलेली ही बाई अजून मंचावर येते, ते गाणं म्हणते, आणि आता त्याचे पैसे तिच्या नावावर जमा होतात.